प्रतिसाद: सुनेची कमाई नाही, मग स्पॉन्सर कोण?

दादा, मुलगा अमेरिकेत एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, सून तिथली सिटिझन पण तीही अजून शिकतेय, तर मुलाच्या ग्रीन कार्डसाठी (तिथं कायम राहण्याच्या परवान्यासाठी) तासगावची द्राक्षबाग नि एफडी दाखवून तुम्ही स्पॉन्सर, म्हणजे त्याच्या खर्चाची हमी घेणारे, होऊ शकता का, असं विचारलंय. नाही होता येणार, कारण जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे सुनेच्या जोडीनं हमी देणारा, अमेरिकेत राहणारा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवालाच लागतो, सांगलीत कितीही इस्टेट असू दे. मुलाच्या स्वतःच्या नावावर काही असेल तर ते धरतात, पण ते वर्षभरात विकून पैसा तिकडे नेता आला पाहिजे आणि उत्पन्न जेवढं कमी पडतंय त्याच्या तिप्पट किंमत भरली पाहिजे.

आय-८६४ वर, म्हणजे या हमीच्या फॉर्मवर, मुख्य सही सुनेचीच, कमाई शून्य असली तरी. दोन माणसांच्या घराला २०२५ च्या तक्त्यात वर्षाचं किमान उत्पन्न २६,४३७ डॉलर होतं, तेवढं तिच्या एकटीच्या जिवावर जमत नाही म्हणून तिचे आईवडील किंवा तिथला कुणी नातेवाईक धरावा, पण त्याला नीट समजावून सांगा हो, ही नुसती ओळखीची सही नाही. त्याच्या घरची माणसं धरून मर्यादा वाढते, आणि पुढं घटस्फोट झाला तरी जबाबदारी सुटत नाही, मुलगा सिटिझन होईपर्यंत किंवा साधारण दहा वर्षांचं काम भरेपर्यंत ती राहते. हे लपवून कुणाची सही घेऊ नका, माझी कळकळीची विनंती आहे.

आणि अर्ज टाकल्यावर अॅडव्हान्स परोल (बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी) हातात आल्याशिवाय त्याला गणपतीला बोलवू नका, तसाच निघाला तर ग्रीन कार्डचा अर्ज सोडून दिला असं धरतात.