मानवाधिकार कायद्यात वंशभेद नेमका कुठे आहे? एलएलएमसाठी मदत हवी

प्रश्न : विधीवाला
एलएलएमला ह्युमन राइट्सच्या पेपरात क्रिटिकल रेस थिअरीचं (कायद्याच्या रचनेतच वंशभेद मुरलाय असं मांडणारा विचार) युनिट आहे. युनोच्या 1948 च्या मानवाधिकार जाहीरनाम्यात, करारांत सगळीकडे समानता लिहिलेली असताना ही मंडळी म्हणतात की या कायद्याच्या घडणीतच वंशभेद आहे, ते कशावरून? व्याख्या पाठ आहेत, एखादं ठोस उदाहरण सांगा ना कोणीतरी.

उत्तर : नंदिनी_क
कलमांत शोधू नकोस, दाद मागायला गेलेल्यांचं काय झालं ते बघ. ऑक्टोबर 1947 मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांनी एनएएसीपी या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेतर्फे युनोकडे अर्ज दिला, त्यात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं मतदान, शिक्षण, लिंचिंग (जमावाने ठार मारणं) सगळं मांडलेलं होतं. पण त्याच वर्षी युनोच्या मानवाधिकार आयोगाने ठरवून टाकलेलं की आलेल्या तक्रारींवर कारवाई करायचा अधिकारच आपल्याला नाही!! आयोगाच्या अध्यक्ष होत्या अमेरिकेच्या एलिनोर रूझवेल्ट, ज्या स्वतः एनएएसीपीच्या बोर्डावर होत्या. रशियाने चौकशीची मागणी केली तीही पडली. अमेरिकेला वंशभेदाचे कायदे असलेली आपली दक्षिणेतली राज्यं सांभाळायची होती, ब्रिटनला वसाहती, मग तक्रार ऐकणारी यंत्रणा हवी कोणाला? आणि पुढच्याच वर्षी जाहीरनामा मंजूर झाला.

उत्तर : भीमाकाठ
यात आपलाही धागा आहे. 1946 मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइसना पत्र लिहिलं, अमेरिकेतल्या निग्रो लोकांनी युनोकडे केलेल्या (1947 च्या आधीच्या, वेगळ्या) अर्जाच्या प्रती मागवल्या, अस्पृश्यही तसंच करायच्या विचारात आहेत असं कळवलं. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीवरून भारताने त्या देशाला युनोत खेचलं, तिथले पंतप्रधान स्मट्स ओरडत होते की हा आमचा अंतर्गत मामला आहे, भारताने ऐकलं नाही आणि ठरावही जिंकला. अभिमान वाटतो मला त्याचा. म्हणूनच 2001 ची डर्बनची युनोची वंशभेदविरोधी परिषद जास्त लागते, दलित संघटना तिथे जातीचा प्रश्न घेऊन गेल्या तर आपलंच सरकार म्हणालं की जात म्हणजे वंश नव्हे, इथे चर्चा नको.

उत्तर : स_देशमुख
पण सरकारचं काय चुकलं? जात वंशावर आधारलेली नाही हे तर बाबासाहेबांनीच मांडलंय.

उत्तर : भीमाकाठ
मांडलंय, आणि बरोबरच आहे. पण युनोच्या 1965 च्या वंशभेदविरोधी करारात नुसता वंश नाहीये दादा, कलम 1 मध्ये वर्ण (कातडीचा रंग) आहे, 'डिसेंट' पण आहे, म्हणजे जन्माने मिळालेलं कूळ, आणि तो शब्द घालायची सूचना भारताचीच होती. 2002 मध्ये कराराच्या समितीने 29 व्या शिफारशीत जात त्यात येते असं स्पष्ट लिहिलं तरी सरकार मान्य करत नाही. ड्यू बॉइसचा अर्ज अडवणाऱ्यांच्या रांगेत आपण जाऊन उभे राहिलो, दुसरं काय म्हणायचं याला.

उत्तर : नंदिनी_क
विधीवाला, पेपरात 2020 पण घाल. अमेरिकेत पोलिसाने केलेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या खुनानंतर आफ्रिकन देशांनी युनोच्या मानवाधिकार परिषदेत तातडीची चर्चा घडवली, ठरावाच्या मसुद्यात अमेरिकेची चौकशी करायला आयोग नेमायचं होतं, फ्लॉइडचा भाऊ व्हिडिओवरून विनवणी करत होता, आणि दोन दिवसांत घासाघीस होऊन अमेरिकेचं नावच ठरावातून गेलं, उरला फक्त एक अहवाल. पण त्या अहवालानंतर 2021 मध्ये पोलिसी अत्याचारांवर तीन तज्ज्ञांची यंत्रणा उभी राहिली, तेव्हा सगळंच फुकट असं लिहू नकोस.