उन्हाळ्यात बसच्या प्रवासाला हलका, फळाफुलांचा परफ्यूम कुठला घेऊ?

रानजाई, खानापूर:
रोज सकाळच्या बसनं बेळगावला नोकरीला जाते. एप्रिल लागला की बस नुसती तापते. माझ्याकडं ऊदचं अत्तर आहे, थंडीत छान वाटतं. आता त्यानं माझंच डोकं उठायलंय, शेजारच्या बाईंनी तर परवा जागा बदलली. मला फार वाईट वाटलं. आधी लिंबू-सफरचंद, मागनं फुलं, असं काही आहे का?

शहापूरकर:
आहे की ओ ताई. मी उन्हाळाभर डोल्चे अँड गबानाचा लाइट ब्लू लावते, 2001 सालचा. मारल्या मारल्या लिंबू नि सफरचंद, मग जाई, शेवटी सीडरच्या लाकडाचा कोरडा वास. गोडसर पाहिजे तर व्हर्साचेचा ब्राइट क्रिस्टल बघा: युझू म्हणजे जपानी लिंबू, डाळिंब, मागनं पिओनीची फुलं नि कमळ.

पण कागदाच्या पट्टीवर हुंगून लगेच पैसे देऊ नका. मी एकदा दिले. पट्टीवर लिंबू होतं, घरी येईस्तोवर अंगाला नुसता पाकाचा वास. मनगटावर एक फवारा मारायचा, खडे बाजारातनं गणपत गल्लीपर्यंत चालत जायचं, भाजी घ्यायची, अर्ध्या तासानं परत हुंगायचं. लिंबाचा वास पंधरा-वीस मिनिटांत उडतो, उन्हात त्याच्याही आधी. त्यानंतर बराच वेळ अंगावर राहणार ती मागची फुलं, तीच आवडली पाहिजेत.

टिळकवाडीची लेक:
बाटलीवर ‘ओ द त्वालेत’ लिहिलेलंच घ्या, त्यात सुगंधी तेल साधारण 5 ते 15 टक्के. ‘ओ द पार्फ्यूम’ त्याहून दाट, बंद बसमध्ये जड होतो. दोन फवारे बास. रेशमी साडीवर मारू नका, डाग पडतो. बाटली खिडकीत ठेवू नका, उन्हानं वास बिघडतो.

रानजाई, खानापूर:
शनिवारी जाऊन आले. डाव्या मनगटावर लाइट ब्लू, उजव्या मनगटावर ब्राइट क्रिस्टल, नि तशीच बसमध्ये बसले. खानापूर येईस्तोवर उजवीकडचं डाळिंब गेलेलं, फुलं मात्र होती, अगदी मऊ. शेजारच्या बाईंनी आपणहून विचारलं, आज कुठलं फूल माळलंय? सोमवारी ब्राइट क्रिस्टलच आणते, लहान बाटली.