‘कोविडने’ गेले की ‘कोविडसह’?

निरंजन_
साथीतल्या मृत्यूंच्या आकड्यांवर माझा भरवसा नाही. एका प्रत्ययाने हजारो माणसं इकडची तिकडे होतात. इंग्लंडात आधी हिशेब असा, की एकदा चाचणी पॉझिटिव्ह आली की पुढे माणूस कधीही, कशानेही जावो, तो कोविडच्या खात्यात. ऑगस्ट २०२० मध्ये चाचणीपासून २८ दिवसांची मर्यादा घातली आणि ब्रिटनचा एकूण आकडा एका फटक्यात पाच हजारांहून जास्त उतरला. कोणी उठून बसलं नव्हतं! त्याच महिन्यात अमेरिकेच्या सीडीसीची (सरकारी रोगनियंत्रण संस्थेची) आकडेवारी आली: फक्त ६ टक्के मृत्यूच्या दाखल्यांवर कोविड हे एकमेव कारण. म्हणजे ९४ टक्के लोकांना आणखी काहीतरी होतंच. अशांचा रकाना वेगळा ठेवा, एवढंच म्हणणं आहे.

रातपाळी
असे दाखले मी भरलेत, म्हणून जरा लांबण लावतो. फॉर्मचे दोन भाग असतात. पहिल्या भागात एकाखाली एक ओळी. वरच्या ओळीत शेवटी काय झालं ते, आणि मग प्रत्येक वेळी स्वतःला विचारायचं, ‘हे कशामुळे?’ श्वसन निकामी. कशामुळे? न्यूमोनिया. कशामुळे? कोविड. साखळी जिथून सुरू झाली ते सगळ्यात खाली येतं आणि तेच मूळ कारण म्हणून मोजलं जातं. मधुमेह, रक्तदाब दुसऱ्या भागात, हातभार लावणारे म्हणून. शेजारी काळाचा रकाना असतो, तो कोणी वाचत नाही. मधुमेह: १५ वर्षं. कोविड: ९ दिवस. पंधरा वर्षं ज्याच्याबरोबर माणूस जगला त्याच्या माथी मरण मारायचं?

तुमच्या ९४ टक्क्यांत न्यूमोनिया आणि श्वसन निकामी होणंही ‘आणखी काहीतरी’ म्हणून धरलंय. ते तर कोविडचेच परिणाम. नुसतं ‘कोविड’ लिहून सही केलेला दाखला मला उलट अर्धवट वाटतो.

निरंजन_
६ टक्क्यांचा मुद्दा मागे घेतो. पण साखळी कुठून सुरू झाली हे ठरवणार कोण? रात्री तीन वाजता, सलग दुसरी ड्युटी करणारा ज्युनिअर? कर्करोगाचा शेवटच्या टप्प्यातला रुग्ण, ताप नाही, खोकला नाही, चाचणी तेवढी पॉझिटिव्ह. हा कुठे?

रातपाळी
कर्करोगात. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं: आजाराचं चित्र कोविडशी जुळायला हवं, मध्ये पूर्ण बरं झालेलं नसावं, आणि अपघातासारखं दुसरं स्पष्ट कारण असेल तर मोजायचं नाही. ज्युनिअरबद्दल बोललात ते मात्र खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि २८ दिवसांचा आकडा दाखल्यांवरून काढलेलाच नव्हता. चाचण्यांची यादी आणि मृत्यूंची यादी जुळवून तो निघायचा. ३५ दिवस व्हेंटिलेटरवर राहून गेलेला माणूस त्यातून गळायचा, त्याचं काय?

सई
निरंजन, तुम्ही फुगवलेल्या आकड्यांबद्दल बोलताय. माझ्या बाबांचा दाखला माझ्यासमोर आहे. ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू.’ खाली दोन्ही ओळी कोऱ्या. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसं पांढरी होती, पण चाचणीचा स्वॅब घ्यायच्या आतच ते गेले. हृदयक्रिया कोणाची बंद पडत नाही मरताना?

रातपाळी
सईताई, हे कारणच नव्हे, ती मरण्याची रीत झाली. चाचणी नसली तरी संशयित कोविडसाठी आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत यू०७.२ हा वेगळा संकेतांक होता. डॉक्टरांनी दाखल्यावर ‘संशयित कोविड’ लिहायला हवं होतं.

ओंकार९
म्हणूनच दाखले सोडा, एकूण मृत्यू मोजा. नेहमी जातात त्याहून किती जास्त गेले? पेरूने २०२१ मध्ये निकष बदलून जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तर आकडा सुमारे ६९ हजारांवरून १ लाख ८० हजारांवर गेला. २०२०-२१ साठी जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज १ कोटी ४९ लाख जादा मृत्यूंचा. देशांनी कळवलेले कोविड मृत्यू होते सुमारे ५४ लाख.

निरंजन_
आणि त्याच संघटनेला जर्मनीचा अंदाज नंतर खाली आणावा लागला, कारण ‘नेहमी जातात’ तेच चुकीचं धरलं होतं. शिवाय जादा मृत्यूंत इस्पितळात खाट न मिळालेला हृदयविकाराचा रुग्णही येतो. तो कोविडने गेला का?

ओंकार९
साथीने गेला. मला तेवढं पुरे आहे.

रातपाळी
मला नाही पुरत. साथ किती मोठी होती ते त्यातून कळेल, पण औषध कोणाला आधी द्यायचं ते नाही कळणार. त्याला दाखल्यावरचं वय, सहव्याधी, तो काळाचा रकाना, सगळं लागतं.

निरंजन_
सई, तुम्ही दाखला दुरुस्त करून घेतलात का?

सई
दोनदा गेले. ज्यांची सही आहे ते डॉक्टर तिथून सोडून गेलेत, आणि दुसरं कोणी हात लावायला तयार नाही.