मदत हवी आहे: जड डाय प्रेसच्या बेडपर्यंत चढवायला पायपंपाचं लिफ्ट टेबल, किती किलोचं घ्यावं?

छोटीप्रेस

नमस्कार मंडळी,

आमचं वर्कशॉप लहान आहे. पॉवर प्रेसच्या डाय (पत्र्याला आकार देणारे जड पोलादी साचे) रॅकमधून काढून बेडवर चढवायच्या आणि काम झालं की परत ठेवायच्या, हे सध्या पहार, लाकडी ठोकळे आणि तीन माणसांच्या कंबरेच्या जोरावर चालतं. सगळ्यात जड डाय २६० किलोची आहे, मापं साधारण ६०० बाय ४०० मिमी. बाकीच्या १०० ते १८० किलोच्या दरम्यान. प्रेसचा बेड जमिनीपासून ८३० मिमीवर आहे. वर गर्डर नाही आणि छताच्या कैच्यांना चेन ब्लॉक लटकवायची माझी हिंमत नाही, म्हणून क्रेनचा विषय बाजूला ठेवलाय.

कात्रीसारखे पाय असलेलं, चाकांवरचं, पायाने पेडल मारून वर जाणारं टेबल घ्यायचा विचार आहे. अडलंय ते असं:

३०० किलोचं पुरेल की ५०० चं घ्यावं? माझा हिशेब सरळ आहे, २६० हे ३०० पेक्षा कमी.

तेलाच्या पंपाचं बरं की हँडल फिरवून स्क्रूवर चढणारं?

५०० किलोचं एक वापरलेलं टेबल मिळतंय. वजन ठेवलं की ते हळूहळू खाली बसतं. विकणारा म्हणतो, सील बदललं की झालं. खरं आहे का?

आमचा वेल्डर म्हणतोय, गाडीचे दोन सिझर जॅक आणि चॅनल आणून द्या, घरीच बनवतो. त्याला काय सांगू?

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. तयार टेबलाचं माहितीपत्रक समोर आहे: सर्वात खाली ३४० मिमी, सर्वात वर ९०० मिमी, प्लॅटफॉर्म ८५० बाय ५००.

पोलादी

क्षमतेकडे नंतर येऊ. रॅकचा सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून किती उंच आहे?

छोटीप्रेस

१५० मिमी. जड डाय तिथेच ठेवतो, पडायची भीती नको म्हणून.

पोलादी

मग टेबल आणल्यावर पहिल्याच दिवशी अडाल. प्लॅटफॉर्म ३४० च्या खाली येतच नाही आणि डाय १५० वर. पॅलेट ट्रकचे काटे ८५ मिमीपर्यंत खाली जातात म्हणून लोकांना वाटतं की हेही जाईल. पण घडी घातलेले पाय, चाकं, खालची फ्रेम आणि प्लॅटफॉर्मची जाडी एकावर एक आली की उंची उरतेच. जास्त क्षमतेच्या टेबलात ती आणखी वाढते.

खालचा कप्पा रिकामा करा, नाहीतर त्यात हलका माल ठेवा. जड डायचा कप्पा ३६० ते ४०० मिमीच्या आसपास घ्या. तेवढ्याने रॅक कलंडत नाही, भिंतीला किंवा जमिनीला बोल्ट मारलेला असला म्हणजे झालं. टेबल बदलण्यापेक्षा रॅकचे कप्पे हलवणं कधीही सोपं.

जुनाफिटर

पोलादी यांचं बरोबर आहे. पण मला खरी काळजी वरच्या टोकाची वाटते. २६० हे ३०० पेक्षा कमी असलं तरी ३०० चं टेबल घेऊ नका.

पाटीवरचा आकडा हा भार पूर्ण प्लॅटफॉर्मवर सारखा पसरलेला असतानाचा असतो. लिफ्टिंग टेबलांसाठी ईएन १५७० हे युरोपीय मानक आहे. त्यात डिझाइनसाठी तीन अवस्था धरतात: पूर्ण भार सगळीकडे सारखा, ५० टक्के भार लांबीच्या अर्ध्या भागावर, आणि ३३ टक्के भार रुंदीच्या अर्ध्या भागावर. आता तुमची डाय प्लॅटफॉर्मच्या मधोमध बसून राहणार आहे का? नाही. ती बेडवर सरकवायची आहे. सरकताना एका क्षणी जवळजवळ सगळं वजन कडेशी येणार.

५०० चं टेबल धरलं तरी लांबीकडून काढताना अर्ध्या भागावर २५० किलो आणि रुंदीकडून काढताना १६५ किलो. तुमची डाय २६० ची. म्हणजे रुंदीकडून, बाजूच्या लांब कडेवरून, ती काढायचीच नाही. लांबीच्या टोकाकडूनसुद्धा ५०० चं टेबल थोडक्यात नापास. मी असतो तर ७५० किंवा १००० किलोचं बघितलं असतं, आणि त्याची सर्वात कमी उंची वाढलेली असेल हे धरून रॅकचा कप्पा ठरवला असता.

आणखी एक गोष्ट, जी माहितीपत्रकात कधीच ठळक नसते. कात्रीच्या पायांची एका बाजूची टोकं पिनने पक्की असतात आणि दुसऱ्या बाजूची रोलरवर सरकतात. टेबल वर जातं तसे रोलर आत येतात. पाय ८०० मिमी लांब धरा. १० अंशांवर दोन टोकांमधलं आडवं अंतर ७८८ मिमी असतं, ४५ अंशांवर ५६६. म्हणजे रोलर तब्बल २२२ मिमी आत आला आणि त्या बाजूचा प्लॅटफॉर्म तेवढा अधांतरी राहिला. डाय नेहमी पिनच्या बाजूने काढायची. टेबल घेण्याआधी पूर्ण वर करा आणि वाकून बघा, पिन कुठल्या टोकाला आहे. ढकलायचं हँडल त्याच टोकाला असेल तर डाय तिथून निघणार कशी, हेही तिथेच ठरवा.

गणितवेडा

वेल्डरसाठी हे दाखवा. दोन पायांच्या टोकांमध्ये आडवा जोर लावून कात्री उघडायची असेल तर लागणारा जोर म्हणजे भार भागिले कोनाचा टॅन्जंट.

२६० किलोसाठी:
४५ अंशांवर २६० किलो.
३० अंशांवर ४५० किलो.
१० अंशांवर १,४७५ किलोच्या आसपास.

यात प्लॅटफॉर्म आणि पायांचं स्वतःचं वजन धरलेलं नाही. तयार टेबलात सिलिंडर तिरका बसवलेला असतो, त्यामुळे आकडे तंतोतंत हेच येत नाहीत, पण कल हाच: सगळ्यात जास्त ताण सगळ्यात खाली. घरी बनवताना चाचणी बहुतेक मधल्या उंचीवर होते, तिथे सगळं छान चालतं, आणि पिनचं वेल्डिंग सुटतं ते पूर्ण खाली भार ठेवून पहिला झटका देताना. शिवाय गाडीचा जॅक एका चाकापुरता आणि थोड्या वेळापुरता बनवलेला असतो. दोन जॅक सारख्या वेगाने फिरले नाहीत तर प्लॅटफॉर्म पिळतो. वेल्डरला टेबलाच्या टोकाला लावायचे हूक बनवायला द्या, तिथे त्याचा उपयोग जास्त होईल.

छोटीप्रेस

हूक कशासाठी?

जुनाफिटर

डाय पुढे ढकलली की टेबल मागे जातं, म्हणून. तेल लावलेल्या लोखंडावर लोखंड सरकवायला साधारण वजनाच्या १५ ते २० टक्के जोर लागतो. २६० किलोसाठी ४० ते ५० किलो. तेवढाच जोर उलट्या दिशेने टेबलावर येतो. फिरत्या दोन चाकांचे ब्रेक गुळगुळीत, तेलकट फरशीवर एवढं धरतीलच असं नाही. आणि ते सुटतात कधी? डाय अर्धी बेडवर आणि अर्धी टेबलावर असते तेव्हा. मधली फट उघडली की थांबवायला कुणी हात घालायचा नाही.

बेडच्या टी-स्लॉटमध्ये (बेडवरच्या टी आकाराच्या खाचेत) अडकेल असा हूक किंवा दोन्हीकडे एकेक जाड लग (भोक पाडलेला कान) आणि मधे पिन. ब्रेक लावायचेच, पण भरवसा हुकावर.

प्लॅटफॉर्मवर रोलरच्या पट्ट्या बसवल्या तर ढकलायचा जोर दहा किलोच्या आत येतो. मात्र मग डाय स्वतःहूनही निघते. फरशी जरा उतरती असली तरी पुरे. रोलर लावले तर चारही बाजूंना अडसर हवेत, आणि बेडकडचा अडसर टेबल हुकात अडकल्यावरच काढायचा.

तेलपाणी

वापरलेल्या टेबलाबद्दल लिहितो, कारण "सील बदललं की झालं" हे मी फार ऐकलंय.

आधी रॅम (सिलिंडरमधून बाहेर येणारा दांडा) पुसून कोरडा करा, भार ठेवा, वर करा आणि थांबा. रॅमभोवती तेल ओलं दिसलं तर सीलच. पण बाहेर सगळं कोरडं आणि तरी टेबल खचतंय, तर तेल आतल्या आत टाकीत परत जातंय. एकेरी सिलिंडरमध्ये (तेल फक्त वर ढकलतं, खाली वजनानेच येतं) सील गळलं तर तेल बाहेर दिसतं. ते दिसत नसेल तर संशय रिलीज व्हॉल्व्हवर (टेबल खाली आणायला उघडतो तो) किंवा पंपाच्या चेक व्हॉल्व्हवर (तेल एकाच दिशेने जाऊ देणारा) घ्यायचा. बऱ्याचदा व्हॉल्व्हच्या बसक्याखाली (व्हॉल्व्ह जिथे घट्ट टेकतो ती जागा) कचरा अडकलेला असतो.

त्याहूनही आधी हँडलपासून व्हॉल्व्हपर्यंत जाणारी केबल बघा. ती जास्त ताणलेली असेल तर व्हॉल्व्ह कायम केसभर उघडा राहतो. केबल सैल करून खचणं थांबलं तर तुमचं काम फुकटात झालं.

काही लक्षणं अशी वाचायची:
वर जातं पण पूर्ण उंची गाठत नाही: तेल कमी. पातळी प्लॅटफॉर्म पूर्ण खाली असतानाच बघायची, वर असताना भरलं तर खाली येताना ओसंडतं.
पेडल स्पंजासारखं लागतं: हवा शिरली आहे. भार काढा, रिलीज उघडा धरून पेडल भराभर मारा, मग बंद करून बघा.
मधल्या उंचीवरून उचलतं पण अगदी खालून उचलत नाही: भार जास्त आहे किंवा रिलीफ व्हॉल्व्ह (दाब जास्त झाला की तेल सोडून देणारा) लवकर उघडतोय. गणितवेडा यांनी दिलेले आकडे बघितले की कारण कळतं. हा व्हॉल्व्ह आवळून "ताकद वाढवायची" नाही. तो तुमच्यासाठी शेवटचा राखणदार आहे.

तेल हायड्रॉलिकचं, आयएसओ व्हीजी ३२ बहुतेक ठिकाणी चालतं, तरी पाटीवर किंवा पुस्तिकेत दिलेलं ग्रेड पाळा. ब्रेक ऑइल चुकूनही नको. ते ग्लायकॉलवर आधारलेलं असतं, आणि अशा पंपात सहसा असणारी नायट्राइल रबराची सीलं त्यात फुगून खराब होतात.

तेलाची बाजू दुरुस्त होते. मला भीती असते ती पायांची. पिनच्या बुशांपाशी (पिन ज्यात फिरते त्या नळ्या) वेल्डिंगला तडा आहे का, पाय वाकलेत का, रोलर एका बाजूला चपटे झालेत का ते बघा. टेबल अर्ध्या उंचीवर रिकामं ठेवा आणि प्लॅटफॉर्मचा एकेक कोपरा हाताने वर-खाली हलवा. खडखड जास्त लागली तर पिना आणि बुश झिजलेत. तुम्हाला कडेवरूनच डाय काढायची आहे, त्यामुळे असं टेबल नको.

आणि हे सगळं बघताना कात्रीच्या आत हात किंवा डोकं घालायच्या आधी भार काढा आणि देखभालीचा टेकू लावा. काही टेबलांना तो बसवलेलाच असतो, नसेल तर पायांमध्ये मजबूत ठोकळा. बंद व्हॉल्व्हवर विसंबून खाली जायचं नाही.

नवशिका_०७

स्क्रूचं राहिलंच की. मला वाटायचं स्क्रू सगळ्यात सुरक्षित, कारण तो खचत नाही.

गणितवेडा

खचत नाही हे खरं, पण त्याची किंमत घामात मोजावी लागते. आपोआप खाली न येणाऱ्या स्क्रूची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या खालीच असते, घर्षणच त्याला धरून ठेवतं.

२६० किलो अर्धा मीटर उचलायला लागणारं काम सुमारे १,२७५ जूल. स्क्रूची कार्यक्षमता ३० टक्के धरली तर माणसाला ४,२५० जूल घालावे लागतील. दीडशे मिमी त्रिज्येच्या हँडलवर सात किलोचा जोर लावला तर एका फेऱ्यात ६५ जूलच्या आसपास, म्हणजे साठ-पासष्ट फेरे. पायपंपाला २५ किलोचा दाब आणि २०० मिमीची चाल धरली तर एका पेडलला ५० जूल. ७५ टक्के कार्यक्षमतेने चौतीस-पस्तीस पेडल, आणि तीही पायाने, शरीराच्या वजनाने. दोन्हीत प्लॅटफॉर्मचं वजन वेगळं धरा.

एखादी गोष्ट दिवसभर एकाच उंचीवर टेकवून ठेवायची असेल, उदाहरणार्थ करवतीसमोर लांब बारला आधार, तर स्क्रू. डाय काही मिनिटंच वर असते, तिथे पंप पुरेसा आहे.

छोटीप्रेस

सगळ्यांचे मनापासून आभार. ३०० चा विषय संपला आणि वेल्डरला हुकाचं काम सांगितलंय. वापरलेल्या टेबलाचे कोपरे हलवून बघितले, एका कोपऱ्याला बरीच खडखड आहे, सोडून दिलं. नवं ७५० किलोचं बघतोय. ते खाली ४२० पर्यंतच येतं, म्हणून जड डायचा कप्पा ४४० ला घेतोय.

दोन शेवटचे प्रश्न. डाय बेडवर ढकलताना टेबल बेडच्या बरोबर पातळीत ठेवायचं का? आणि याच टेबलावर डाय उघडून दुरुस्तीही केली तर चालेल का? उंची हवी तशी करता येते म्हणून विचारतोय.

जुनाफिटर

बरोबर पातळीत नको. डाय कडेकडे सरकते तशी टेबलाची कड किंचित दबते, पिनांमधली सैल जागा आणि पायांची लवचिकता यामुळे. पातळी तंतोतंत जुळवली तर डायचं पुढचं टोक बेडच्या काठावर अडतं आणि मग माणसं पहार शोधतात. बेडवर चढवताना टेबल दोन-तीन मिमी उंच ठेवा. बेडवरून काढून घेताना उलट, तेवढंच खाली. किती दबतंय ते पहिल्या वेळी फूटपट्टी लावून बघा आणि टेबलावर रंगाने खूण करून ठेवा. डायच्या खालच्या कडेला थोडा चॅम्फर (तिरका कापलेला काठ) असेल तर आणखी सोपं जाईल.

रॅकपासून प्रेसपर्यंत नेताना डाय पूर्ण खाली. उंची बेडपाशी पोचल्यावरच वाढवायची, चाकं थांबल्यावर आणि हूक लागल्यावर. खाली आणताना लिव्हर एकदम दाबायची नाही, आणि सोबतच्या माणसाची पावलं कुठे आहेत ते आधी बघायचं.

पोलादी

दुरुस्तीचं मी सांगतो. बोल्ट सोडणं, पुसणं, मापं घेणं चालेल. जड हाताच्या कामाला कोपराच्या १५ ते ४० सेंमी खालची उंची बरी पडते, तेवढी जुळवून घ्या. पण पिना ठोकणं, हातोडी, छिन्नी या टेबलावर नको. प्रत्येक ठोका तेलातून थेट व्हॉल्व्हच्या बसक्यावर जातो, आणि मग तुम्हीच इथे "नवं टेबल खचतंय" असा धागा काढाल. ठोकायच्या कामाला चॅनलची पक्की घोडी करा, टेबलाने डाय तिच्यावर सरकवा आणि टेबल बाजूला घ्या. घोडीची उंची बेडएवढीच ठेवलीत तर तोच हूक आणि तीच रंगाची खूण तिथेही चालेल.