बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ: शिकवण बदलली की फक्त रीत?

पापडीची सून:
सासूबाईंचं पहिलं बाळ 1958 साली जन्मल्यावर तासाभरात गेलं. फादरांना बोलवायला माणूस धाडला, तोवर संपलं होतं. सुईणीला बाप्तिस्मा म्हणून डोक्यावर पाणी घालायचं सुचलं नाही, म्हणून सासूबाई तिला आजही बोल लावतात. मिस्सा (चर्चमधली पूजाविधी) नाही, घंटा नाही. सासऱ्यांनी साबणाच्या खोक्यात ठेवून सिमेटरीच्या भिंतीबाहेर पुरलं. तेव्हाचे फादर म्हणाले, बाळ लिम्बोत, म्हणजे स्वर्गाबाहेरच्या एका जागी आहे; त्याला दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही.

मागच्या महिन्यात पुतणीचं बाळ पोटातच गेलं. आत्ताचे फादर घरी आले, प्रार्थना केली, घरच्याच कबरीत पुरू दिलं. "देवाच्या हाती सोपवलंय, आशा ठेवा," म्हणाले. तेव्हापासून सासूबाईंचं एकच: "मग माझं कुठंय? नियम बदलला तसं तेही तिथून हललं का?" काय सांगू त्यांना?

बावखल:
ताई, लिम्बो हा श्रद्धेचा सिद्धांत कधीच नव्हता. संत ऑगस्टीन म्हणत, अशा बाळांना शिक्षा होते, पण सगळ्यांत सौम्य. मध्ययुगातल्या पंडितांना ते फार कठोर वाटलं, त्यातून लिम्बोची कल्पना रुजली. शिकवताना मात्र ती पक्की असल्यासारखीच शिकवली गेली.

भिंतीबाहेर पुरण्यामागे चर्चच्या कायद्याची 1917 ची धर्मसंहिता होती: बाप्तिस्म्याविना मेलेल्याला चर्चचा दफनविधी नाही. 1969 च्या अंत्यविधीत अशा बाळांसाठी प्रार्थना आल्या. 1983 च्या संहितेने आईवडिलांचा बाप्तिस्मा द्यायचा विचार होता एवढ्यावर, बिशपांच्या परवानगीने, विधी करू दिला. 1992 च्या कॅटेकिझममध्ये (चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या पुस्तकात) लिम्बोचं नावच नाही; बाळांना देवाच्या दयेवर सोपवा, एवढंच. 2007 मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने सांगितलं की आशेला भक्कम आधार आहे, खात्री मात्र देता येत नाही. तुमचे फादर तेच बोलले.

कुपारी_67:
"सिद्धांत नव्हता" हे आता म्हणणं सोपं आहे. 1439 च्या फ्लॉरेन्स परिषदेचा मजकूर बघा: नुसत्या मूळ पापासह (जन्मतः असलेलं, बाप्तिस्म्याने धुतलं जाणारं पाप) मेलेलेही नरकात उतरतात, शिक्षा तेवढी वेगळी. तीन वर्षांनी त्याच परिषदेने लिहिलं की मरणापूर्वी ख्रिस्तसभेत न आलेले परधर्मी आणि यहुदी सार्वकालिक अग्नीत जातील. आणि 1964 ची दुसरी व्हॅटिकन परिषद म्हणते, स्वतःचा दोष नसताना ज्याला ख्रिस्त कळला नाही, पण जो मनापासून देवाला शोधतो, त्याचंही तारण होऊ शकतं. याला बदल नाही तर काय म्हणायचं? संत फ्रान्सिस झेवियरने पत्रात लिहून ठेवलंय, जपानमधले नवे ख्रिस्ती मेलेल्या आईबापांसाठी रडायचे आणि तो त्यांना सांगायचा, नरकातून सुटका नाही. आज कुठला फादर असं सांगेल?

बावखल:
वाक्यं जुळत नाहीत, हे मान्य. पण दार अर्धं उघडं पूर्वीपासून होतं. सम्राट व्हॅलेंटिनियन 392 मध्ये बाप्तिस्म्याआधीच मेला, तेव्हा संत अॅम्ब्रोज म्हणाले की त्याने बाप्तिस्म्याची कृपा मागितली होती, ती त्याला मिळाली. 1547 च्या ट्रेंट परिषदेच्या मजकुरातही तारणासाठी "बाप्तिस्मा किंवा त्याची इच्छा" असंच आहे. 1863 मध्ये पोप नववे पायस यांनी लिहिलं की स्वतःचा दोष नसताना अज्ञानात राहिलेल्यांचंही तारण होऊ शकतं. उलट बोस्टनचे फादर फीनी "चर्चबाहेर तारण नाही" याचा अगदी कडक अर्थ धरून बसले, त्यांना रोमने 1949 मध्ये चूक ठरवलं. 1953 मध्ये बहिष्कृत केलं ते रोमला हजर व्हायला नकार दिला म्हणून. माझ्या मते नियम सैल झाला असं नाही, देव किती दयाळू आहे याचा अंदाज वाढला. कुपारी काकांना हे पटणार नाही, ठाऊक आहे.

कुपारी_67:
नाही पटलं. पण सासूबाईंना फ्लॉरेन्स सांगू नका.

पापडीची सून:
नाही सांगत. त्यांना "खात्री नाही" हेही ऐकवत नाही, "आशा" तेवढं ऐकू येतं. आता म्हणतात, बाळाच्या नावाने मिस्सा सांग. पण नावच ठेवलं नव्हतं.

बावखल:
नाव आता ठेवा, कोणी अडवत नाही. नको असेल तर "अमक्यांचं बाळ" लिहून द्या. 2 नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी यादी लांब असते, चर्चच्या ऑफिसात आधीच जाऊन नोंदवा.