मदत हवी आहे: होंडा सिटी व्हीटेक ट्रॅफिकमध्ये गरम होतेय, शनिवारी चिपळूणला निघायचंय

कासारवडवली_०४ (मंगळवार, रात्री 10:40)
टेम्परेचरचा काटा वर जातोय. घोडबंदरला रोजचंच झालंय. कूलंट भरलं, रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरकडे कधी सोडायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह) नवीन टाकला, फरक शून्य. गॅरेजवाला म्हणतो हेड गॅसकेट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं सील) गेलंय, हेड उतरवायचं, 28 हजार. शनिवारी आई-बाबांना घेऊन मावसबहिणीच्या लग्नाला जायचंय. काय असेल? लवकर सांगा प्लीज. आणि "विकून टाक" कुणी लिहू नका. बाबांनी शोरूममधून घेतलेली पहिली गाडी आहे.

सेकंडगिअर
कुठलं साल? किती चाललीय? काटा कधी चढतो, उभी असताना की पळताना? एसी चालू असतो का? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

खारेगावकर
भाऊ, थर्मोस्टॅट काढूनच टाक. आपल्याकडच्या हवेत त्याचं कामच काय? माझ्या गाडीचा मी 2011 सालीच काढलाय, एकदाही गरम झाली नाही.

सेकंडगिअर
@खारेगावकर दादा, असलं सांगू नका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन पुरेसं तापतच नाही. गाडी थंडच आहे असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, ऑइल पातळ होतं, इंजिन लवकर झिजतं. गरम होण्याचं मूळ कारण तसंच राहतं ते वेगळं.

खारेगावकर
पुस्तकातलं ज्ञान. माझी गाडी 2 लाखांच्या वर चाललीय.

कासारवडवली_०४
2003 चं मॉडेल, 1 लाख 64 हजार किमी. पळताना काहीच नाही, ईस्टर्न एक्सप्रेसवर काटा अर्ध्याच्या खालीच असतो. पातलीपाड्यापासून पुढे मेट्रोच्या कामात अडकलं की पाच-सात मिनिटांत चढतो. पंखा फिरतोय, मी स्वतः बघितलाय. तो प्रश्न नाही.

नेरुळची_आर्या
कूलंट भरलं म्हणजे नक्की काय भरलं? तयार मिळतं ते, की कॉन्सन्ट्रेट घेऊन नळाचं पाणी घातलं? माझ्या बाबांच्या गाडीत ड्रायव्हर दर आठवड्याला नळाचं पाणी घालायचा. रेडिएटर आतून चुन्याने बुजला होता. कूलंटच्या टाकीतल्या पाण्याचा रंग बघा, तांबूस असेल तर आतून फ्लश करून घ्या. आणि झाकण गरम असताना उघडू नका, आत प्रेशर असतं, तोंडावर येतं.

वाशीचा_मन्या
विषयाला धरून नाही, पण 2003 ची गाडी म्हणजे आरसी 2018 ला आणि मग 2023 ला रिन्यू केली असणार. पुढचं 2028. वीस वर्षांवरच्या कारची रिन्यूअल फी ऑगस्ट 2025 पासून 10,000 झालीय, ग्रीन टॅक्स वेगळा. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लावली का? 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना सक्तीची आहे. चिपळूणपर्यंत कुठेही अडवतील.

कासारवडवली_०४
@मन्या हो, प्लेट लावलीय, कागद सगळे नीट आहेत. मला काट्याचं सांगा.
@आर्या ताई, टाकीतलं पाणी हिरवंच आहे, स्वच्छ. तयार कूलंटच घातलंय.

डोंबिवली_फास्ट_पेट्रोल
सगळा ई20 चा, म्हणजे 20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा प्रताप आहे. एप्रिल 2023 च्या आधीच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्याच नाहीत. रबर खातं ते.

सेकंडगिअर
रबराचं मान्य. इतक्या जुन्या गाडीचे फ्युएल होज बघायलाच हवेत, ॲव्हरेजही पडतं. पण इथेनॉलमुळे गाडी फक्त जॅममध्ये गरम होईल आणि हायवेवर थंड राहील, असं कसं होईल? उभी असताना गरम आणि पळताना थंड म्हणजे रेडिएटरला हवा मिळत नाही. गॅसकेट गेलं असतं तर चढावर, वेगातही काटा हलला असता, कूलंट कमी होत गेलं असतं. मी पुन्हा विचारतो, एसी?

कासारवडवली_०४
काटा चढला की एसी बंद करतो, सगळे करतात तसं. पण बंद केल्यावर उलट आणखी भराभर चढतो. इंजिनच गेलंय असं वाटतंय.

सेकंडगिअर
अरे, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतंस! तुझ्या गाडीला पंखे दोन आहेत. एक रेडिएटरचा, एक एसी कंडेन्सरचा. एसी लावला की दोन्ही फिरायला हवेत. तू जो फिरताना बघितलास तो कंडेन्सरचा असणार. एसी बंद केलास की तोही थांबतो, मग रेडिएटरला काहीच वारा नाही.
उद्या सकाळी एसी बंद ठेवून गाडी जागेवर चालू ठेव आणि बॉनेट उघडून बघ. काटा अर्ध्यावर गेला तरी रेडिएटरचा पंखा फिरला नाही तर इंजिन बंद कर. थंड झाल्यावर पंख्याच्या टेम्परेचर स्विचचा कनेक्टर काढ, त्याच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोड आणि इग्निशन ऑन कर. पंखा फिरला तर स्विच गेलाय. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मग मोटर. मोटरला बॅटरीवरून थेट करंट दे. तेव्हा हात लांब ठेव, पाती बोट तोडतील.

खारेगावकर
मी म्हणतो, पंखा डायरेक्टच करून टाक. डॅशबोर्डवर एक बटण, जॅम आला की दाबायचं.

नेरुळची_आर्या
आणि चालवणारा दाबायला विसरला की? हेड ॲल्युमिनियमचं आहे, एकदा नीट तापलं तर वाकतं.

माजिवडा_जुना
आमच्याकडे हीच गाडी होती, 2001 ची. 106 अश्वशक्ती, त्या काळी आई, बाबा, आजी आणि मागे सामान भरूनही लोणावळ्याच्या घाटात दुसऱ्या गिअरमध्ये अशी ओढायची की आजी हँडल धरून बसायची. वरच्या आरपीएमला इंजिनचा आवाज बदलायचा ना, तो अजून कानात आहे. 2014 ला विकली, अजून चुटपुट लागते. तुझी जप रे.
कामाचं विचारतो. इंजिनचे व्हॉल्व्ह चालवणारा टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदललास? वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो. आणि बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग 28 हजारांतही भागत नाही.

कासारवडवली_०४ (गुरुवार, रात्री 9:15)
सापडलं! रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता. पिना जोडल्या, काही नाही. फ्यूज आणि रिले चांगले निघाले. बॅटरीवरून थेट दिलं तर पातं जेमतेम थरथरलं. कनेक्टरचं पांढरं प्लास्टिक एका पिनेपाशी तपकिरी होऊन वितळलं होतं. मोटर सोडवून कळव्याच्या वाइंडरकडे नेली. त्याने उघडून हातावर ठेवली. मोटरला करंट पोचवणारे कार्बन ब्रश हरभऱ्याच्या डाळीएवढे उरले होते आणि आत सगळी काळी पूड. नवे ब्रश, कम्युटेटर साफ, कनेक्टर नवा, सगळे मिळून 900 रुपये. बावीस-तेवीस वर्षं फिरलेत ते ब्रश, गाडीला काय बोलणार?
आज संध्याकाळी मुद्दाम कापूरबावडी ते गायमुख नेली, एसी बंद ठेवून. 50 मिनिटं लागली. पंखा लागत होता, थांबत होता, काटा जागचा हलला नाही. बाबा शेजारी बसले होते, सगळा वेळ काट्याकडेच बघत होते.
@सेकंडगिअर दादा, तुमचे उपकार विसरणार नाही. एसीचं आधी लिहायला हवं होतं. हेड उतरवायला मी उद्या गाडी देणारच होतो.

सेकंडगिअर
मस्त. आता रेडिएटरचं झाकणही नवीन टाक, 1.1 प्रेशरचं. रबर चिरलेलं असेल तर प्रेशर धरत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. वाटेत काटा चढलाच तर हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर जोरात कर, इंजिनची उष्णता केबिनमध्ये निघते. घामाघूम व्हाल पण पोचाल.

डोंबिवली_फास्ट_पेट्रोल
चिपळूणला जाताय तर कशेडीला बोगद्यातूनच जा, जुना घाट चढवू नका.

माजिवडा_जुना
बेल्टचं उत्तर राहिलं.

कासारवडवली_०४
बिलं शोधली काका. शेवटची नोंद 2016 ची, 98 हजारांवर. म्हणजे 66 हजार किमी झाले, पण वर्षं नऊच्या वर गेली. बाबा म्हणाले, मग शनिवारी एसटीने जाऊ, गाडी बेल्ट बदलल्यावरच बाहेर काढायची. तिकिटं काढलीत. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप, तिन्ही चांगल्या प्रतीचे ठाण्यात कुठे मिळतील? की कुर्ल्याला सीएसटी रोडला जाऊ?