चंदीगडचं आर्किटेक्चर म्युझियम: आर्किटेक्ट नसलेल्यांनी बघावं का?

अबोली22

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत सिमल्याला चाललोय, जाताना चंदीगडला दीड दिवस मिळतोय. रॉक गार्डन आणि सुखना तलाव ठरलेलंच आहे. प्रश्न आहे तो सेक्टर 10 मधल्या आर्किटेक्चर म्युझियमचा. लेकीला बारावीनंतर आर्किटेक्चरला जायचंय, त्यामुळे तिने ते बघायचंच म्हणून धरून ठेवलंय. पण सोबत नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई आहेत. आम्हा बाकीच्यांची नकाशाशी ओळख म्हणजे फ्लॅट घेताना बिल्डरने पुढ्यात ठेवलेला कागद, तेवढीच.

नेटवर वाचलं तर एक म्हणतो पंधरा मिनिटांत संपतं, दुसरा म्हणतो अर्धा दिवस कमी पडतो. ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांनी तिथे जाऊन काय बघायचं? की लेकीला आत सोडून आम्ही बाहेर बागेत बसावं? कुणी सर्वसामान्य माणूस म्हणून गेलं असेल तर कृपया सांगा.

वाटसरू

मी गेलोय, आणि मला नाही भावलं. फोटो, पत्रं, नकाशे, फलक असं सगळं भिंतींवर आहे. ज्याला वाचायची आवड आहे तो रमेल. मी तिथून निघून शेजारच्या गव्हर्नमेंट म्युझियममध्ये गेलो आणि गांधार शिल्पांसमोर कितीतरी वेळ उभा राहिलो. पहाडी लघुचित्रंही अप्रतिम आहेत. दोन्ही इमारती एकाच आवारात आहेत, त्यामुळे लेक एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे असं सहज जमेल. सासूबाईंना मूर्ती नक्की आवडतील.

टी_स्क्वेअर

अबोली, पाचही जण आत जा. बाहेर बसू नका.

मी आर्किटेक्ट नाही. सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली, म्हणजे दुसऱ्यांनी आखलेलं स्वच्छ उतरवून देण्याचं काम. निवृत्तीनंतर मिस्टरांबरोबर चंदीगडला गेले होते. ते बँकेतले, ड्रॉइंगशी त्यांचा काडीचा संबंध नाही, आणि मी निघाले तरी ते तिथून निघायला तयार नव्हते. म्हणून इतकं लांबलचक लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे नावावर जाऊ नका. स्थापत्यकलेचा इतिहास, देवळं, किल्ले, घुमट असलं काही तिथे नाही. एकच शहर कसं जन्माला आलं त्याची ती फाइल आहे. 1947 ला लाहोर पलीकडे गेलं आणि पूर्व पंजाब राजधानीविना राहिला. निर्वासित येत होते, सरकारला बसायला जागा नव्हती. तिथून ही गोष्ट सुरू होते आणि ती समजायला कसलं शिक्षण लागत नाही. (वाटसरूंनी सांगितलेली गांधार शिल्पंही त्याच फाळणीत लाहोरच्या संग्रहातून वाटणीला आली. दोन्ही इमारतींची गोष्ट मुळात एकच आहे, म्हणून एकीकडे मूर्ती आणि दुसरीकडे नकाशे अशी फारकत करू नये असं मला वाटतं.)

दुसरं म्हणजे सगळे फलक वाचू नका. मजकूर भरपूर आहे, वाचत बसलात तर मुलगा कंटाळणारच. त्यापेक्षा दोन आराखडे शोधा. एक अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांचा, दुसरा ल कॉर्बुझिए या स्विस-फ्रेंच आर्किटेक्टचा. बहुतेकांना वाटतं चंदीगड म्हणजे कॉर्बुझिए आणि बास. पण आधी हे काम अमेरिकेतल्या मेयर यांच्याकडे होतं, आणि नोविकी हे त्यांचे तरुण सहकारी. ऑगस्ट 1950 मध्ये नोविकी विमान अपघातात गेले आणि सगळंच अडलं. मग पंजाबचे दोन अधिकारी, पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा, माणसं शोधायला युरोपात गेले. कॉर्बुझिए, त्यांचे चुलतभाऊ पिअर जॅनेरे आणि लंडनचे मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे दांपत्य असे चौघे त्यातून ठरले. फेब्रुवारी 1951 मध्ये इथे आल्यावर अवघ्या काही दिवसांत कॉर्बुझिएने मेयरचा आराखडा नव्याने मांडला.

आता मुलाला हे दोन आराखडे दाखवा आणि विचारा, काय बदललं? मेयरचे रस्ते वळणं घेत पंख्यासारखे पसरतात, कॉर्बुझिएने ते सरळ करून काटकोनात बसवले, हे तो लगेच सांगेल. मग विचारा, काय तसंच राहिलं? इथे खरी मजा आहे. डोंगराच्या बाजूला डोक्याशी सरकारी इमारती, मध्ये व्यापार, वस्त्यांमधून जाणारा हिरवा पट्टा, हे सगळं मेयरकडेही आहे. श्रेय एकाच्या नावावर लागतं, पण काम आधीच्या माणसाच्या कागदावर उभं असतं. मी ज्या टेबलांवर काम केलं तिथे हे रोज बघितलंय, म्हणून त्या दोन कागदांपुढे मला फार भरून आलं.

फ्लॅटचा नकाशा वाचलात ना? तेवढ्यावर भागतं. प्लॅन म्हणजे इमारत कमरेच्या उंचीवर आडवी कापली आणि वरून खाली पाहिलं. जाड रेघ दिसते ती कापली गेलेली भिंत, बारीक रेघ म्हणजे खाली दिसणाऱ्या वस्तू, पायऱ्या, ओटे. सेक्शन म्हणजे तीच इमारत उभी कापलेली. आधी उत्तर दिशेचा बाण आणि स्केल बघा, मग ऊन कुठून येईल ते भिंतींच्या जाडीत आणि सज्जांच्या खोलीत शोधा. चंदीगडच्या उन्हाळ्यात हाच मोठा प्रश्न होता, आणि बाहेर पडल्यावर इमारतींच्या दर्शनी भागावर ज्या काँक्रीटच्या खोल चौकटी दिसतात त्या याचंच उत्तर आहेत.

मूळ ट्रेसिंग (पारदर्शक कागदावर शाईने काढलेलं ड्रॉइंग) कुठे लावलेलं दिसलं तर काचेजवळ जाऊन तिरकं बघा. शाईची रेघ खोडायची म्हणजे दाढीच्या पात्याने हलक्या हाताने खरवडायची, मग ती जागा नखाने घोटून गुळगुळीत करायची, नाहीतर नवीन शाई फुटते. अशी जागा कागदावर कायम किंचित धुरकट राहते. तिथे कुणीतरी मत बदललेलं असतं. लेकीला हे जरूर दाखवा, तिच्या पिढीला कॉम्प्युटरवर ते दिसणार नाही.

घरांच्या ड्रॉइंगकडे कुणी फारसं वळत नाही, तुम्ही वळा. मंत्र्यापासून शिपायापर्यंत हुद्द्याप्रमाणे सरकारी घरांचे प्रकार ठरवले होते आणि ते मुख्यतः जॅनेरे, फ्राय आणि ड्रू यांनी केले. पैसे कमी, म्हणून वीट. पण सगळ्यात लहान घरालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर, स्वतंत्र न्हाणीघर आणि संडास, व्हरांडा आणि अंगण. 1950 च्या दशकात शिपायाच्या घरात हे! तो प्लॅन बघून मिस्टर म्हणाले, आपल्या पहिल्या बिऱ्हाडापेक्षा हे बरं होतं. खरंच होतं.

आणि राजभवन शोधा. कॅपिटॉलच्या, म्हणजे विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालय असलेल्या सरकारी संकुलाच्या आराखड्यात डोंगराच्या बाजूला, सगळ्यात मानाच्या जागी ते दाखवलंय. ते कधी बांधलंच गेलं नाही. लोकशाहीत राज्यपालांसाठी एवढा डामडौल नेहरूंना पटला नव्हता. नंतर त्या जागी ज्ञानसंग्रहालय सुचवलं गेलं, तेही झालं नाही. प्रत्यक्ष कॅपिटॉलला गेल्यावर तिथे काही नाही म्हणून माणूस पुढे जातो. आराखडा आधी बघितलेला असेल तर त्या रिकाम्या जागेपाशी थांबतो.

अजून एक, लेकीसाठी. नावं वाचायला सांगा. कॉर्बुझिए वर्षातून दोनदा येऊन जायचे, इथे राहून उन्हातान्हात काम करून घेतलं ते जॅनेरे आणि भारतीय मंडळींनी. त्यात एम. एन. शर्मा आहेत, आदित्य प्रकाश आहेत, आणि ए. आर. प्रभावळकर हे आपल्याकडचं नावही आहे. उर्मिला यूली चौधरी आहेत, त्या काळात जवळजवळ सगळ्या पुरुषांच्या ऑफिसात बरोबरीने काम करणाऱ्या आर्किटेक्ट. हे नाव तुमच्या लेकीला वाचनाच्या पुस्तकात कदाचित उशिरा भेटेल, इथे आधी भेटू दे.

काँक्रीट_प्रेमी

टी_स्क्वेअर ताई, प्रतिसाद जपून ठेवलाय. मी आर्किटेक्ट आहे आणि माझं मत थोडं वेगळं आहे. ज्यांना सवय नाही त्यांनी आधी कॅपिटॉल बघावं, नंतर म्युझियम. उच्च न्यायालयाचं ते उचललेलं छप्पर आणि तीन रंगीत खांब, सुमारे अडीचशे मीटर लांब सचिवालय, वाऱ्यावर फिरणारं 26 मीटर उंच ‘उघडा हात’ हे शिल्प, हे अंगावर आल्याशिवाय नकाशातल्या रेघेला अर्थ येत नाही. आधी अनुभव, मग कागद. 2016 पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे, तेव्हा तेवढं चुकवू नकाच.

म्युझियमची इमारतही बघा. कॉर्बुझिएने झुरिकसाठी केलेल्या पॅव्हेलियनच्या कल्पनेवर एस. डी. शर्मा यांनी ती केली, 1997 ची आहे. छप्पर खालच्या खोल्यांपासून सुटं ठेवलंय, त्यामुळे मधून वारा जातो. मुलाला विचारा छप्पर कशावर टेकलंय.

लेकीला वेळ असेल तर सेक्टर 19 मधलं ल कॉर्बुझिए सेंटरही दाखवा. या सगळ्यांचं जुनं ऑफिसच ते, 2008 पासून लोकांना खुलं आहे. आणि सेक्टर 5 मध्ये जॅनेरे राहायचे ते घर आता म्युझियम आहे. त्यांच्या सागवान आणि वेताच्या खुर्च्या ज्यांना आवडतात त्यांनी तिथे जावंच.

टी_स्क्वेअर

काँक्रीट_प्रेमी, तुमच्यासाठी ते खरं आहे. तुम्हाला इमारत बघून प्रश्न पडतात. माझ्या मिस्टरांसारख्या माणसाला कॅपिटॉल आधी दाखवलं असतं तर मोठं आहे, भव्य आहे म्हणून फोटो काढून झालं असतं. राजभवनाची जागा रिकामी आहे हे त्यांना कळलं ते कागदामुळे. मी कागद आधीच म्हणेन.

अबोली22

किती मनापासून लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी! लेकीने यूली चौधरींचं नाव वहीत लिहून घेतलंय. मुलगा विचारतोय की सेक्टर 13 का नाही, कुणीतरी शाळेत सांगितलं त्याला. आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात, कॅपिटॉल झेपेल का? आमचा तिथला पूर्ण दिवस सोमवार येतोय.

टी_स्क्वेअर

सोमवार असेल तर तारखा एक दिवस सरकवा, सेक्टर 10 ची म्युझियम्स सोमवारी बंद असतात. तेच सेक्टर 19 चं. सरकवणं शक्य नसेल तर उरलेला अर्धा दिवस म्युझियमला द्या आणि रॉक गार्डन सोमवारी करा, पण निघण्याआधी सगळीकडच्या वेळा एकदा बघून घ्या.

कॅपिटॉलमध्ये एकट्याने फिरता येत नाही, ठरलेल्या वेळी गाइडबरोबर नेतात. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र हवं, झेरॉक्स नको. चालणं बरंच आहे आणि मधलं पटांगण पूर्ण उघडं, सावली नाही. सासूबाईंना तिथे नेऊ नका. त्यांना त्या वेळी सुखना तलावाकाठी बसवा, कॅपिटॉलपासून तो लांब नाही, कुणीतरी एक जण सोबत थांबा. म्युझियममध्ये मात्र त्यांना घेऊन जा, आणि फाळणीचा भाग आणि शिपायाच्या घराचा प्लॅन दाखवा. स्वयंपाकघर कुठे, अंगण कुठे, वाळवण कुठे घालायचं, हे त्यांच्याइतकं तुमच्यापैकी कुणालाच कळणार नाही.

मुलाला सांगा, पहिल्या आराखड्यातल्या सेक्टरांच्या क्रमात 13 खरंच नाही. नकाशावर 12 आणि 14 त्याला स्वतःला शोधू दे. आणि एका सेक्टरची लांबी-रुंदी बघायला सांगा, साधारण 1200 बाय 800 मीटर. शाळा, दुकानं, दवाखाना सेक्टरच्या आतच, म्हणजे लहान मुलाला शाळेत जाताना वाहता मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. रस्त्यांना व्ही 1 ते व्ही 7 असे दर्जे आहेत, लांबच्या गाड्यांपासून ते घराच्या दारापर्यंत आणि बागेतल्या पायवाटेपर्यंत. हॉटेलवरून निघाल्यापासून आपण कुठल्या व्ही वर आहोत ते त्याने सांगत राहायचं.